जुना जपानी मॉनिटर दुसऱ्या घराण्याच्या संगणकाला कसा जोडायचा

एनईसीच्या पीसी-८८०१ (१९८१) आणि पीसी-९८०१ (१९८२), शार्पच्या एक्स१ (१९८२) आणि एक्स६८००० (१९८७), फुजित्सूच्या एफएम-७ (१९८२) या संगणकांसोबत विकले गेलेले मॉनिटर अजूनही सुरेख चित्र देतात. अमिगा, अटारी एसटी, बीबीसी मायक्रो, कमोडोर १२८, सीजीए (सुरुवातीचं रंगीत ग्राफिक्स) कार्डाचा पीसी किंवा जुना मॅक यांपैकी काहीतरी हाताशी असेल, तर असा मॉनिटर त्याला जोडता येण्याची चांगलीच शक्यता आहे. फक्त प्रत्येक जोडी जमत नाही, आणि ती का जमत नाही हे आधी कळलं तर मॉनिटर वाचतो.

नवखा माणूस मागचा प्लग बघून सुरुवात करतो. प्लग बसला की काम झालं असं त्याला वाटतं. खरा क्रम उलटा आहे: आधी आडवी फ्रीक्वेन्सी (सेकंदाला पडद्यावर किती ओळी रेखाटल्या जातात), मग सिग्नलचं व्होल्टेज, आणि प्लग सगळ्यात शेवटी. चुकीचा प्लग कापून नवा लावता येतो. चुकीची फ्रीक्वेन्सी मात्र मॉनिटरचा आडव्या स्कॅनचा ट्रान्झिस्टर घेऊन जाऊ शकते.

पहिली पायरी: मॉनिटर किती किलोहर्ट्झचा?

जपानी मॉनिटर तीन आडव्या फ्रीक्वेन्सींभोवती बनलेले आहेत.

१५.७ ते १६ किलोहर्ट्झ: २०० ओळींचे मॉनिटर. टीव्हीच्या जवळची फ्रीक्वेन्सी. एमएसएक्स (अनेक कंपन्यांनी एकाच मानकावर बनवलेले घरगुती संगणक), एक्स१ आणि सुरुवातीच्या ८८०१ चं जग.

२४.८ किलोहर्ट्झ: ४०० ओळींचे मॉनिटर. ही फ्रीक्वेन्सी जपानबाहेर फार कमी दिसते आणि तिचं कारण लिपीत आहे. कांजी अक्षर वाचता येण्यासाठी निदान १६ × १६ ठिपके लागतात, आणि पडद्यावर अशा अक्षरांच्या २५ ओळी बसवायच्या तर स्कॅनच्या ४०० ओळी हव्यातच. पीसी-९८०१ ची ६४० × ४०० ची पद्धत त्यामुळे २४.८३ किलोहर्ट्झ आडवी आणि ५६.४ हर्ट्झ उभी अशी आहे.

३१.५ किलोहर्ट्झ: एक्स६८००० ची बारीक चित्रपद्धत, आणि पुढे पीसीचं व्हीजीए.

काही मॉनिटर यांपैकी एकच फ्रीक्वेन्सी घेतात, काही १५ आणि २४ दोन्ही, आणि एक्स६८००० साठी बनलेले बरेचसे मॉनिटर तिन्ही घेतात. असा तिहेरी मॉनिटर मिळाला तर तो सोडू नका. बाकीच्या संगणकांसाठी याच्याइतका सोयीचा दुसरा नाही. एकाहून जास्त फ्रीक्वेन्सी घेणारा मॉनिटर ओळखायची एक खूण म्हणजे फ्रीक्वेन्सी बदलली की आतून रिलेचा ‘टक्’ असा आवाज येतो. एनईसीच्या पहिल्या मल्टिसिंक मॉनिटरची मर्यादा १५.७५ ते ३५ किलोहर्ट्झ आहे, म्हणजे त्यात तिन्ही बसतात. पण ही मर्यादा त्या मॉडेलची. मल्टिसिंक हे नाव पुढे अनेक मॉडेलांना मिळालं आणि नंतरच्या कित्येकांनी १५ किलोहर्ट्झ सोडून दिलं, तेव्हा निव्वळ नावावर जाऊ नका.

मॉडेल क्रमांकावरून मॅन्युअल मिळवणं हाच खात्रीचा मार्ग. मॅन्युअल नसेल तर मागची पाटी आणि पुढची-मागची बटणं नीट बघा. १५/२४ असा स्विच, डिजिटल/अ‍ॅनालॉग असा स्विच, २०० किंवा ४०० हा आकडा, यातलं काहीही पुष्कळ सांगून जातं. यातलं काहीच नसेल, तर तो मॉनिटर मुळात कोणत्या संगणकासाठी विकला जात होता ते शोधा.

चुकीच्या फ्रीक्वेन्सीने नेमकं काय होतं ते समजून घ्या. २४.८ किलोहर्ट्झला एक ओळ सुमारे ४० मायक्रोसेकंदांत संपते, १५.७ ला जवळपास ६४ मायक्रोसेकंद लागतात. एकाच फ्रीक्वेन्सीच्या २४ किलोहर्ट्झ मॉनिटरला १५ चा सिग्नल दिला आणि तो त्या सिग्नलच्या मागे खेचला गेला, तर आडव्या कॉइलमधला प्रवाह वाढायला दीडपट वेळ मिळतो. प्रवाह त्या प्रमाणात चढतो, ट्रान्झिस्टर तापतो. काही मॉनिटर आपोआप बंद होतात. काही होत नाहीत.

दुसरी पायरी: डिजिटल की अ‍ॅनालॉग?

इथे डिजिटलचा अर्थ आजचा नाही. डिजिटल आरजीबी म्हणजे लाल, हिरवा, निळा या प्रत्येक तारेवर टीटीएल सिग्नल: रंग एकतर पूर्ण चालू, नाहीतर पूर्ण बंद. तीन तारा, म्हणून रंग फक्त आठ. अ‍ॅनालॉग आरजीबीत प्रत्येक तारेवर ० ते ०.७ व्होल्ट या दरम्यानची कोणतीही पातळी येते आणि मॉनिटरच्या आत ७५ ओहमचा रोध असतो.

दोन्हींची अदलाबदल झाली तर परिणाम अगदी ठरलेला असतो. अ‍ॅनालॉग संगणक डिजिटल मॉनिटरला लावला तर पडदा काळा राहतो, कारण टीटीएल इनपुट ०.८ व्होल्टच्या खालचं सगळं ‘बंद’ समजतो आणि अ‍ॅनालॉग सिग्नल ०.७ च्या वर जातच नाही. मॉनिटर मेला असं समजून लोक तो उघडायला घेतात. उलट बाजूने, टीटीएलचे चार-पाच व्होल्ट ०.७ व्होल्टच्या इनपुटवर आले तर रंग फुलून उजवीकडे ओघळतात, आणि तसंच चालू ठेवलं तर इनपुटचा भाग खराब होतो.

टीटीएलकडून अ‍ॅनालॉगकडे जाणं सोपं आहे. प्रत्येक रंगाच्या तारेत एक रोध घाला. आउटपुट ५ व्होल्टचं असेल तर ४७० ओहम, जुन्या टीटीएल चिपसारखं ३.५ व्होल्टच्या आसपास असेल तर ३३० ओहम. मॉनिटरच्या ७५ ओहमसोबत दोन्ही ठिकाणी सुमारे ०.७ व्होल्ट मिळतात. या जोडणीत प्रत्येक तारेतून सुमारे ९ मिलिअँपिअर प्रवाह जातो आणि साध्या एलएस मालिकेच्या टीटीएल चिपला तो झेपत नाही. मध्ये ७४एसीटी२४४ हा बफर (सिग्नलला जोर देणारी चिप) घाला, आणि मग रोध ४७० ओहमचाच.

अ‍ॅनालॉगकडून डिजिटलकडे जायचं तर प्रत्येक रंगासाठी एक कंपॅरेटर (दोन व्होल्टेजांची तुलना करणारी चिप) लागतो, ज्याची सीमा ०.३५ व्होल्टच्या आसपास ठेवायची. एलएम३९३ वापरायचा मोह होतो, कारण तो सगळीकडे मिळतो. तो इथे चालत नाही. ६४० ठिपक्यांच्या ओळीत एक ठिपका ७० नॅनोसेकंदांचा असतो आणि एलएम३९३ ला प्रतिसाद द्यायलाच त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो. अक्षरं चिखलासारखी दिसतील. टीएलव्ही३५०१ चा विलंब ४.५ नॅनोसेकंद आहे, तो घ्या. छटा मात्र जाणारच. आठ रंगांच्या मॉनिटरवर आठच रंग दिसतील.

सॉकेट आणि त्यांचे सापळे

गोल ८ पिनचं डिन सॉकेट हे डिजिटल आरजीबीचं. पीसी-८८०१ पद्धतीची मांडणी अशी:

१ – १२ व्होल्ट किंवा रिकामी
२ – ग्राउंड
३ – क्लॉक
४ – आडवा सिंक (ओळ कधी सुरू करायची ते सांगणारा सिग्नल)
५ – उभा सिंक (पडदा पुन्हा वरून कधी सुरू करायचा ते सांगणारा)
६ – लाल
७ – हिरवा
८ – निळा

पिन १ आणि ३ ला काहीही जोडू नका. ८ पिनच्या डिन प्लगमध्ये पिनांची मांडणी दोन प्रकारची असते, म्हणून मागवण्याआधी सॉकेटचा जवळून फोटो काढून जुळवा. त्याहून मोठा सापळा असा, की काही एमएसएक्स२ संगणकांवर याच आकाराच्या सॉकेटातून अ‍ॅनालॉग आरजीबी येतं. आकार तोच, आतला मामला पूर्ण वेगळा. काही मॉनिटरांवर गोल सॉकेटाऐवजी चौकोनी ८ पिनचं सॉकेट असतं. त्याची मांडणी मॅन्युअलशिवाय गृहीत धरू नका.

दोन ओळींचं १५ पिनचं डी-सब सॉकेट हे अ‍ॅनालॉगचं. पीसी-९८ आणि एक्स६८००० दोन्हींत कामाच्या पिना एकाच ठिकाणी आहेत: १ लाल, २ त्याचं ग्राउंड, ३ हिरवा, ४ ग्राउंड, ५ निळा, ६ ग्राउंड, १४ आडवा सिंक, १५ उभा सिंक. मॅकचं जुनं व्हिडिओ सॉकेट दिसायला हुबेहूब असंच असतं, पण मांडणी निराळी. पीसीचं जॉयस्टिक पोर्टही याच आकाराचं, आणि त्यात ५ व्होल्ट असतात.

आरजीबी२१ हे टीव्ही-मॉनिटरांवरचं मोठं २१ पिनचं सॉकेट. युरोपातल्या स्कार्टशी याचा साचा तंतोतंत जुळतो आणि केबल बिनदिक्कत आत जाते. लाल दोन्हींत १५ वर आहे. बाकी नाही: आरजीबी२१ मध्ये हिरवा १९, निळा २०, सिंक ९, आणि आरजीबी चालू करणारी वायएस पिन १६, स्कार्टमध्ये हिरवा ११, निळा ७, सिंक २०. आरजीबी२१ च्या ७ आणि ८ या पिना ग्राउंडच्या आहेत. स्कार्ट केबल तिथे खुपसली तर निळा सिग्नल थेट ग्राउंडला जातो, आणि स्कार्टच्या ८ व्या पिनेवर संगणक १२ व्होल्ट देत असेल तर तेही. स्कार्टची तयार केबल इथे कधीही लावू नका.

तिसरी पायरी: संगणक काय देतो?

अमिगा: १५.६ ते १५.७ किलोहर्ट्झ, अ‍ॅनालॉग. त्याच सॉकेटात डिजिटल रंगसुद्धा आहेत.
अटारी एसटी, रंगीत: १५.७ च्या आसपास, अ‍ॅनालॉग. एकरंगी पद्धत ३५.७ किलोहर्ट्झची आहे, ती यांपैकी बहुतेक मॉनिटरांच्या पलीकडची.
सीजीए, आणि कमोडोर १२८ चं ८० स्तंभांचं आउटपुट: १५.७, डिजिटल, वर एक तीव्रतेची तार.
बीबीसी मायक्रो: १५.६, ५० हर्ट्झ, डिजिटल, आठ रंग.
मॅक, ५१२ × ३८४: २४.४८, अ‍ॅनालॉग.
व्हीजीए: ३१.५, अ‍ॅनालॉग.
पीसीच्या ईजीए कार्डाची ३५० ओळींची पद्धत (२१.८५) आणि हर्क्युलिस कार्ड (१८.४) एकाच फ्रीक्वेन्सीच्या जपानी मॉनिटरला चालत नाहीत.

शंका असेल तर मोजा. साध्या मल्टिमीटरवर हर्ट्झची मोजणी असेल तर काळी काडी ग्राउंडला आणि लाल काडी आडव्या सिंकच्या पिनेला लावा. १५.७ हजार की २४.८ हजार, लगेच कळतं. एकत्र सिंक (आडवा आणि उभा एकाच तारेवर) असेल तर आकडा थोडा हलतो, पण अंदाजाला पुरतो.

उभी फ्रीक्वेन्सी दुसऱ्या क्रमांकाची, तरी विसरण्यासारखी नाही. जपानी मॉनिटर ५५ ते ६० हर्ट्झच्या आसपास काम करायला बनलेले आहेत. पाल (युरोपीय टीव्ही पद्धतीचा) अमिगा किंवा बीबीसीचे ५० हर्ट्झ काहींना पचतात, काहींवर चित्र वरखाली सरकत राहतं. उभ्या होल्डची खुंटी बाहेर असेल तर फिरवून बघा. अमिगात ईसीएस अ‍ॅग्नस (नवी ग्राफिक्स चिप) आणि नवीन किकस्टार्ट (रॉममधली मूळ प्रणाली) असेल तर माउसची दोन्ही बटणं दाबून चालू करा आणि सुरुवातीच्या मेनूत एनटीएससी (६० हर्ट्झची पद्धत) निवडा, प्रश्न मिटतो.

वीज

हे मॉनिटर १०० व्होल्टचे आहेत. विजेची फ्रीक्वेन्सी ५० की ६० हर्ट्झ याने फरक पडत नाही, कारण जपानमध्येच दोन्ही आहेत. व्होल्टेजने मात्र पडतो. खऱ्या तांब्या-लोखंडाचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्या आणि पाटीवरच्या वॉटच्या दुप्पट क्षमतेचा घ्या: ९० वॉटच्या मॉनिटरला २०० व्हीए. चालू करताना डिगॉसिंग कॉइल (पडद्याचं चुंबकत्व घालवणारी) क्षणभर भरपूर प्रवाह ओढते, म्हणून ही जागा ठेवायची. प्रवासात वापरायचे हलके इलेक्ट्रॉनिक कन्व्हर्टर घेऊ नका. ते हीटरसाठी असतात, त्यांची वीज वेडीवाकडी येते.

जपानी प्लगला बहुतेक वेळा दोनच पात्या आणि बाजूला एक सुटी हिरवी तार असते. ती तार अर्थिंगला जोडाच. ती लोंबकळत ठेवली तर आतल्या फिल्टरच्या कपॅसिटरांमुळे मॉनिटरचं धातूचं आवरण कित्येक व्होल्ट एसीवर तरंगतं. प्रवाह नगण्य असतो, पण केबल खुपसताना ग्राउंडच्या आधी सिग्नलची पिन टेकली तर संगणकाची व्हिडिओ चिप जायला तेवढा पुरतो. दोन्ही यंत्रं बंद असतानाच केबल लावायची, हा नियम याच कारणाने आहे.

मॉनिटरचं आवरण उघडू नका. रंगीत ट्यूबच्या अ‍ॅनोडवर २० किलोव्होल्टच्या पुढे व्होल्टेज असतं आणि ते बंद केल्यावरही टिकून राहतं. या लेखातलं एकही काम आवरणाच्या आत नाही.

सिंकचा छोटा बोर्ड

जवळजवळ प्रत्येक जोडणीत उपयोगी पडणारी एक वस्तू आधी बनवून ठेवा. संगणकाचा सिंक धन असतो किंवा ऋण, मॉनिटरला दुसराच हवा असतो. शिवाय काही संगणकांत सिंक थेट चिपमधून येतो आणि लांब केबल ओढायला तो कमजोर पडतो. एक ७४एचसीटी८६ दोन्ही अडचणी सोडवते. एचसीटीच घ्या. साधी एचसी ५ व्होल्टवर ३.५ व्होल्टच्या वरच्यालाच ‘चालू’ मानते, आणि जुन्या टीटीएलचा सिग्नल तिथवर पोचेलच असं नाही.

साहित्य: ७४एचसीटी८६ एक, १४ पिनचं आयसी सॉकेट, ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर, १० किलोओहमचे दोन रोध, दोन जंपर, छोटा ठिपक्यांचा बोर्ड.

१. पिन १४ ला ५ व्होल्ट, पिन ७ ला ग्राउंड. कपॅसिटर या दोन्हींमध्ये, चिपच्या अगदी जवळ.
२. आडवा सिंक पिन १ वर आत, पिन ३ वरून बाहेर.
३. उभा सिंक पिन ४ वर आत, पिन ६ वरून बाहेर.
४. पिन २ आणि पिन ५ प्रत्येकी १० किलोओहममधून ५ व्होल्टला, आणि जंपरमधून ग्राउंडला.
५. न वापरलेल्या ९, १०, १२, १३ या पिना ग्राउंडला. ८ आणि ११ मोकळ्या.

जंपर लावला की सिंक आहे तसा जातो, काढला की उलटा होतो.

जोडणी १: सीजीए किंवा कमोडोर १२८, १५ किलोहर्ट्झच्या डिजिटल मॉनिटरला

सुरुवातीला हीच करा. ९ पिनच्या सॉकेटातून: १ व २ (ग्राउंड) डिनच्या २ ला, ३ (लाल) ६ ला, ४ (हिरवा) ७ ला, ५ (निळा) ८ ला. ८ (आडवा सिंक) आणि ९ (उभा सिंक) बोर्डातून डिनच्या ४ आणि ५ ला. ६ ही तीव्रतेची तार सोडून द्या. १६ रंगांचे ८ होतात, गडद आणि उजळ एकसारखे दिसतात. सीजीएत दोन्ही सिंक धन असतात. मॉनिटरला ऋण हवे असतील तर दोन्ही जंपर काढा. बोर्डासाठी ५ व्होल्ट या सॉकेटात नाहीत. कमोडोरवर ते जॉयस्टिक पोर्टच्या ७ व्या पिनेवर मिळतात, पीसीवर वेगळा ५ व्होल्टचा अडॅप्टर लावा आणि त्याचं ग्राउंड बोर्डाच्या ग्राउंडला जोडा.

बीबीसी मायक्रो याच मॉनिटरवर एकही रंग न गमावता चालतो, कारण त्याचे रंगही आठच आहेत. त्याच्या ६ पिनच्या डिनमध्ये १ लाल, २ हिरवा, ३ निळा, ४ एकत्र सिंक, ५ ग्राउंड, ६ वर ५ व्होल्ट. एकत्र सिंक बोर्डातून आडव्या सिंकच्या जागी द्या. उभा सिंक वेगळा काढायला एलएम१८८१ लागते: सिंकमधून १ किलोओहमचा रोध, त्यापुढे ४७० ओहम ग्राउंडला, त्या सांध्यापासून ०.१ मायक्रोफॅरडमधून चिपच्या पिन २ ला. पिन ६ वर ६८० किलोओहम आणि ०.१ मायक्रोफॅरड दोन्ही समांतर ग्राउंडला, ४ ग्राउंड, ८ वर ५ व्होल्ट. पिन ३ वर उभा सिंक मिळतो, तो बोर्डाच्या पिन ४ ला. आधीचे दोन रोध गाळू नका. ही चिप सुमारे २ व्होल्टपर्यंतच्या सिग्नलसाठी आहे.

जोडणी २: अमिगा, तिहेरी मॉनिटरला

अमिगाचं २३ पिनचं सॉकेट दुर्मिळ. २५ पिनचं फीमेल सॉकेट घेऊन बारीक करवतीने टोकाच्या दोन पिनांची जागा कापली की काम भागतं. मॉनिटरची केबल आतूनच निघालेली आणि टोकाला मेल प्लग असलेली असेल, तर या बाजूलाही १५ पिनचं फीमेल सॉकेट लागेल.

रंग: ३ (लाल) १ ला, ४ (हिरवा) ३ ला, ५ (निळा) ५ ला. ग्राउंड: १६, १७, १८ अनुक्रमे २, ४, ६ ला. ११ (आडवा सिंक) आणि १२ (उभा सिंक) बोर्डातून १४ आणि १५ ला. बोर्डाला ५ व्होल्ट २३ वरून, ग्राउंड १९ किंवा २० वरून. रंगांसाठी ७५ ओहमची बारीक कोअॅक्स वापरा, लांबी दीड मीटरच्या आत ठेवा. तीन साध्या तारा शेजारी-शेजारी नेल्या तर प्रत्येक अक्षराच्या उजवीकडे फिकी सावली उमटते.

पिन २ कशालाही टेकू देऊ नका. ती ग्राउंडला गेली की अमिगा बाहेरच्या क्लॉकची वाट बघत थांबतो आणि संगणकच बिघडल्यासारखं दिसतं. २२ वर १२ व्होल्ट आहेत. २१ वर ऋण व्होल्टेज. या तिन्ही पिनांवर नळी चढवा.

मॉनिटर फक्त डिजिटल १५ चा असेल तर अमिगाच्या ९ (लाल), ८ (हिरवा), ७ (निळा) या डिजिटल पिना डिनच्या ६, ७, ८ ला द्या. वर्कबेंच (अमिगाचा डेस्कटॉप) व्यवस्थित वाचता येतं. खेळांच्या छटा जातात.

जोडणी ३: मॅक, २४ किलोहर्ट्झच्या अ‍ॅनालॉग मॉनिटरला

फक्त २४ किलोहर्ट्झचा मॉनिटर पुष्कळांकडे पडून राहतो, कारण त्या फ्रीक्वेन्सीचं दुसरं काही सापडत नाही. मॅकिंटॉश एलसी (१९९०) च्या काळातले मॅक अ‍ॅपलच्या १२ इंची रंगीत मॉनिटरसाठी ५१२ × ३८४ ची पद्धत देतात: आडवी २४.४८ किलोहर्ट्झ, उभी ६०.१५ हर्ट्झ. पीसी-९८ च्या २४.८३ पासून हा फरक दीड टक्क्याहून कमी आहे आणि मॉनिटर तो सहज धरतो. उभ्या होल्डला थोडा हात लावावा लागेल.

मॅक कोणता मॉनिटर लागलाय ते पिना बघून ठरवतो. १२ इंचीचा संकेत म्हणजे मॅकच्या बाजूच्या ४ आणि १० या पिना ११ ला जोडणं, ७ मोकळी. मग मॅकची २ मॉनिटरच्या १ ला, १ ही २ ला, ५ ही ३ ला, ६ ही ४ ला, ९ ही ५ ला, १३ ही ६ ला, १५ ही १४ ला आणि १२ ही १५ ला. सिंकची ग्राउंडं, म्हणजे ११ आणि १४, दुसऱ्या टोकाला प्लगच्या धातूच्या कवचाला. मॅकच्या १५ वर सिंक सापडत नसेल तर ३ वरचा एकत्र सिंक तिथे देऊन बघा.

बदलता येणारी चित्रपद्धत असलेला व्हीजीए पीसी असेल तर पीसी-९८ चीच वेळमांडणी देता येते: क्लॉक २१.०५ मेगाहर्ट्झ, आडवे ६४०, ७०४, ७६८, ८४८, उभे ४००, ४०७, ४१५, ४४० (क्रमाने चित्र, सिंकची सुरुवात, सिंकचा शेवट, एकूण). पण पीसी चालू होतानाची पहिली चित्रं ३१ किलोहर्ट्झचीच येतात. तेवढा वेळ मॉनिटर बंद ठेवा.

चालू करण्याआधी आणि करताना

डिन प्लगवर पिनांचे आकडे क्रमाने नसतात आणि डागाच्या बाजूने पाहिल्यावर सगळं आरशातल्यासारखं उलटं होतं. प्लगच्या प्लास्टिकवर कोरलेला आकडाच खरा. डाग देताना प्लग एखाद्या सुट्या सॉकेटात बसवून ठेवा, नाहीतर उष्णतेने प्लास्टिक मऊ होऊन पिना वाकड्या होतात.

१. मल्टिमीटर बीपवर ठेवून प्रत्येक तार टोकापासून टोकापर्यंत तपासा. मग प्रत्येक पिन तिच्या शेजारणीशी, आणि शेवटी प्रत्येक पिन ग्राउंडशी. १२ व्होल्टच्या पिना दोनदा.
२. दोन्ही यंत्रं विजेला लावून, केबल न जोडता, दोन्हींच्या धातूच्या कवचांमधलं एसी व्होल्टेज मोजा. दोन-चार व्होल्टच्या वर असेल तर आधी अर्थिंग दुरुस्त करा.
३. बंद करा, केबल जोडा, आधी संगणक चालू करा. तो योग्य चित्रपद्धतीत आल्यावर मॉनिटर.
४. एक हात मॉनिटरच्या बटणावर ठेवा आणि कान द्या. १५.७ किलोहर्ट्झची बारीक शिट्टी तरुण कानांना ऐकू येते, २४ ची कुणालाच नाही. २४ चा मॉनिटर शिट्टी घालू लागला किंवा कर्र असा आवाज आला तर त्याच क्षणी बंद करा.
५. चित्र आलं तर पांढरा, लाल, हिरवा, निळा, पिवळा, जांभळा, आकाशी असे पट्टे दाखवून रंग पडताळा.

चित्र बिघडलेलं दिसलं तर

तिरक्या रेघांचं जाळं: आडवा सिंक पोचत नाही, त्याची दिशा उलटी आहे किंवा फ्रीक्वेन्सीच जुळत नाही. आधी जंपर बदला. मग मोजा. या अवस्थेत मॉनिटर पाच-दहा सेकंदांहून जास्त चालू ठेवू नका.

चित्र स्थिर पण एका कडेला सरकून दुमडलेलं: बहुतेक वेळा आडव्या सिंकची दिशा. मॉनिटर सिंकच्या स्पंदाची एक कड धरतो, पण चुकीची.

वर-खाली सरकत राहणं: उभा सिंक नाही, किंवा ५० हर्ट्झ.

पिवळ्याच्या जागी हिरवा, पांढऱ्याच्या जागी आकाशी: लाल तार तुटलेली. त्याच न्यायाने बाकीच्या दोन. सगळा पडदाच एका रंगाने भरला असेल तर त्या रंगाचं ग्राउंड सुटलंय का ते बघा.

चित्र फिकं, काळ्या जागी राखाडी, अक्षरांना झळाळी: ७५ ओहमचा रोध लागलेला नाही. ‘हाय’ असा स्विच मागे असेल तर तो ७५ वर आणा. चित्र मंद असेल तर उलट, रोध दोन ठिकाणी लागलाय.

आडवी जाड सावली हळूहळू वर चढणं: दोन्ही यंत्रं वेगवेगळ्या सॉकेटांवर आहेत आणि ग्राउंडमधून प्रवाह फिरतोय. दोन्ही एकाच पट्टीवर घ्या. ट्रान्सफॉर्मर मॉनिटरच्या अगदी बाजूला ठेवला असेल तर चित्र लहरतं आणि कोपऱ्यांत रंग फिसकटतात. तो निदान एक मीटर दूर न्या.

व्हीजीएवर पद्धत बदलली की चित्र बुटकं होणं: व्हीजीए ४०० ओळींना आडवा ऋण आणि उभा धन, ४८० ला दोन्ही ऋण असे सिंक पाठवतो, आणि व्हीजीएचे मॉनिटर त्या खुणेवरून उंची बदलतात. जपानी तिहेरी मॉनिटर ती खूण ओळखत नाहीत. उंचीची खुंटी ज्या पद्धतीत जास्त काम करायचं तिच्यासाठी लावा.

केबल चालली की दोन्ही टोकांना चिठ्ठी चिकटवा: कोणता संगणक, कोणता मॉनिटर, किती किलोहर्ट्झ, डिजिटल की अ‍ॅनालॉग, जंपर कसे. त्याच आकाराच्या चार केबली एका खोक्यात जमायला वेळ लागत नाही.